राम नाईक: बोरिवलीच्या आमदारकीतून दिल्लीला काय गेलं?

वसईकाठ

वडिलांची लोखंडी पेटी परवा उघडली. रेशनकार्डं, जुनी वीजबिलं, एलआयसीच्या पावत्या, आणि त्यांच्याखाली तीन पातळ पुस्तिका. पिना गंजून कागदाला तपकिरी डाग पडलेले. राम नाईकांचे वार्षिक कार्यअहवाल होते ते, एक आमदारकीतला आणि दोन खासदारकीतले. वर्षभरात सभागृहात काय मांडलं, कशाचा पाठपुरावा केला, याचा मतदारांना दिलेला हिशेब. बाबांनी समासात निळ्या पेन्सिलीने खुणा केल्यात. कुठे 'पाहिलं', कुठे 'खरं', दोन-तीन ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह आणि पुढे 'विचारणे'.

बाबा त्यांच्या पक्षाचे नव्हते, आयुष्यभर समाजवाद्यांचे मतदार. तरी या पुस्तिका त्यांनी तीस-पस्तीस वर्षं जपल्या.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नाईकांचा जन्म १९३४ चा, सांगलीचा. बालपण आटपाडीत, कॉलेज पुण्यात, मग मुंबईत नोकरी. १९६९ मध्ये नोकरी सोडून जनसंघाचे पूर्णवेळ कार्यकर्ते. १९७८ मध्ये जनता पक्षातर्फे बोरिवलीचे आमदार, पुढे भाजपतर्फे १९८० आणि १९८५ ला पुन्हा. १९८९ पासून उत्तर मुंबईचे सलग पाच वेळा खासदार. १९९९ ते २००४ पेट्रोलियम मंत्री, २०१४ ते २०१९ उत्तर प्रदेशचे राज्यपाल, २०२४ मध्ये पद्मभूषण.

माझा प्रश्न असा. विधानसभेत अकरा वर्षं काढलेला माणूस लोकसभेत जातो तेव्हा सोबत काय नेतो? माझ्या मते नाईकांनी एक सवय नेली: बारीक तक्रार धरायची आणि ती नियमापर्यंत, जमलं तर कायद्यापर्यंत न्यायची. त्यांची विचारसरणी मला सगळी पटत नाही, पण ही सवय मला फार मोलाची वाटते. तुमचं मत आणि अनुभव लिहा.

टीपकागद

चांगला धागा. हिशेब देण्याची ही रीत त्याच परंपरेतली. रामभाऊ म्हाळगी १९५७ मध्ये मावळातून जनसंघाचे आमदार झाले, १९७७ मध्ये ठाण्यातून लोकसभेत गेले. आमदार ते खासदार, हाच रस्ता. मतदारांना कामाचा अहवाल द्यायचा पायंडा त्यांचा. १९८२ मध्ये ते गेले, त्यांच्या नावाची प्रबोधिनी उत्तनला आहे. नाईकांनी तो वसा सोडला नाही. राजभवनात गेल्यावरही दर वर्षी अहवाल काढला, आणि राज्यपालाला तर कुणी मतदारच नसतो!

रानजाई

पुस्तिका जपून ठेवा. स्कॅन करून टाकाल का?

पाटपाणी

आमच्या घरची आठवण. वडिलांनी गॅससाठी नाव नोंदवलं तेव्हा मी दुसरीत होते, सिलिंडर घरात आला तेव्हा नववीत. सात वर्षं आई स्टोव्हला पंप मारत होती. 'नंबर लागला का?' हा प्रश्न आमच्या चाळीत पत्रिका जुळली का या चालीवर विचारला जायचा. खासदाराच्या कोट्यातलं कूपन कुणाला मिळालं तर त्याच्याकडे पेढे मागायचे.

नाईक पेट्रोलियम खात्यात आले तेव्हा देशभरात एक कोटीहून जास्त लोक असे यादीत होते. ती यादी त्यांच्या काळात संपली, मागेल त्याला जोडणी मिळू लागली. पाच किलोचा छोटा सिलिंडरही तेव्हाचाच. धुराने डोळे चोळणारी आई ज्याने पाहिली आहे त्याला हे काम किती मोठं ते सांगावं लागत नाही.

अधोरेखित

गॅसचं श्रेय द्याच, पण २००२ विसरू नका. पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सी पक्षाच्या लोकांना, नातलगांना वाटल्याच्या बातम्या आल्या आणि वाजपेयींनी सगळी वाटपं सरसकट रद्द केली. मंत्री कोण होते? नाईकच. वैयक्तिक सचोटी वेगळी आणि खात्यात काय चालतं याची जबाबदारी वेगळी.

टीपकागद

अधोरेखित, मुद्दा रास्त आहे, पुढचं अर्धंही लिहू या. सरसकट रद्द करण्याचा तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये रद्दबातल ठरवला, कारण त्यात प्रामाणिकपणे निवडले गेलेलेही भरडले जात होते. वादातली चारशेच्या वरची प्रकरणं मात्र दोन निवृत्त न्यायमूर्तींच्या समितीकडे सोपवली. म्हणजे न्यायालयाने ना सगळ्यांना झोडपलं, ना सगळ्यांना सोडलं.

अधोरेखित

मान्य. माझा रोख एवढाच की अहवालात अशा गोष्टी यायला हव्यात. हिशेब म्हटला की जमेबरोबर खर्चाची बाजूही आली.

कांदळवन

नाईकांच्या आधी उत्तर मुंबईत कोण कोण होतं पाहा. १९५७ आणि १९६२ ला कृष्ण मेनन. १९६२ ला समोर आचार्य कृपलानी. १९७७ ला समाजवादी मृणाल गोरे. मृणालताईसुद्धा आधी आमदार, १९७२ ला गोरेगावच्या. पाण्यासाठी हंडे घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या, लोक 'पाणीवाली बाई' म्हणायचे. दिल्लीत आरोग्य खातं देऊ केलं तर नको म्हणाल्या, पुढे १९८५ ला पुन्हा विधानसभेत आल्या.

वसईकाठ, तुमचे बाबा समाजवादी होते म्हणता, त्यांना नाईकांच्या पुस्तिका जपाव्याशा का वाटल्या याचं उत्तर मला इथे दिसतं. दोन्ही माणसं विचारांनी दोन टोकांची, पण नळाला पाणी का नाही हा प्रश्न दोघांनाही लहान वाटला नाही.

वसईकाठ

कांदळवन, अगदी हेच. बाबा मृणालताईंच्या मोर्चात असायचे, आई लाटणं घेऊन जायची.

विरार_फास्ट

आमच्यासारख्यांना नाईक आठवतात ते लोकलमुळे. मतदारसंघांच्या फेररचनेआधी उत्तर मुंबई मालाड-कांदिवलीपासून वसई-पालघरपर्यंत पसरलेला होता. एका टोकाला उंच इमारती, दुसऱ्या टोकाला मिठागरं, कोळीवाडे आणि आदिवासी पाडे. या सगळ्यांना जोडणारी एकच गोष्ट, पश्चिम रेल्वे.

मी १९९६ पासून विरारहून चर्चगेटला जातो. तेव्हा बोरिवलीच्या पुढे दोनच रूळ, त्याच रुळांवर मेल, मालगाडी आणि आपली लोकल. गुजरातकडून येणारी गाडी उशिरा आली की नालासोपाऱ्याच्या फलाटावर माणसांची भिंत उभी राहायची. दारातला माणूस एक पाय टेकवून, एका हाताने वरची कडी धरून, डबा छातीशी घेऊन उभा. 'आत चला, आत चला' ओरडणारे सगळे बाहेरच.

१९९८-९९ मध्ये नाईक रेल्वे राज्यमंत्री होते. मुंबईच्या लोकलसाठी वेगळं महामंडळ, मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन, १९९९ चं. राज्य आणि रेल्वे दोघांनी मिळून पैसा घालायचा ही त्यातली कल्पना. बोरिवली-विरार चौपदरीकरण त्यानंतर पूर्ण झालं. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये गेली, तेव्हा नाईक खासदारही नव्हते, पण मागणी धरून बसलेल्यांत ते होते.

गर्दी आजही आहे. पण चार रूळ नसते तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

पाटपाणी

विरार_फास्ट, 'आत चला ओरडणारे सगळे बाहेरच' वाचून हसू आलं. बाईंच्या डब्यात आम्ही चौथी सीट मिळावी म्हणून भाजी निवडून द्यायचो.

सनदशीर

मला थोडं उलट बाजूने बोलायचंय. रूळ, गॅस, पाणी हे सगळं ठीक. पण खासदाराचं काम कायदे करणं, अर्थसंकल्प तपासणं, सरकारला जाब विचारणं. खासदाराचा नगरसेवक झाला तो खासदार निधीमुळे, म्हणजे मतदारसंघातल्या कामांसाठी प्रत्येक खासदाराला दर वर्षी मिळणाऱ्या पैशामुळे, आणि त्या निधीचा आग्रह धरणाऱ्यांत नाईक पुढे होते. डिसेंबर १९९३ मध्ये नरसिंह रावांनी योजना जाहीर केली. पहिल्या वर्षी पाच लाख, मग एक कोटी, १९९८-९९ पासून दोन कोटी, २०११-१२ पासून पाच कोटी.

वर्ष नीट पाहा. १९९३! त्याच वर्षी ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली. म्हणजे एका हाताने गाव आणि नगर यांना अधिकार दिले आणि दुसऱ्या हाताने गल्लीतल्या फरशीचा पैसा दिल्लीच्या खासदाराकडे दिला. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या व्यंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये, दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये, दोघांनीही ही योजना बंद करा म्हटलं. मला तेच पटतं. विधानसभेची सवय दिल्लीत नेण्याचा हा तोटा आहे, वसईकाठ.

गोरेगाव_पूर्व

सनदशीर, निधी खासदाराच्या खिशात जात नाही हो. तो काम सुचवतो, मंजुरी आणि पैसे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. शिवाय १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के जमातींच्या वस्तीत खर्च करायचं बंधन आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने योजना वैध ठरवली.

आमच्या वस्तीत महापालिकेकडे नऊ वर्षं खेटे घालून जे संडास झाले नाहीत ते खासदार निधीतून एका वर्षात झाले. मी त्या रांगेत डबा घेऊन उभा राहिलोय. मला तत्त्व कळतं, पण रांग जास्त कळते.

सनदशीर

गोरेगाव_पूर्व, तुमच्या रांगेपुढे माझं तत्त्व लहान आहे, हे मनापासून म्हणतो. तरी सांगतो, महापालिकेला जाब विचारण्याऐवजी आपण खासदाराकडे गेलो आणि महापालिका सुटली. कोविडमध्ये २०२० ला हा निधी गोठवला, तेव्हा अनेक खासदारांना मतदारसंघात दाखवायला काही उरलंच नाही.

दूधसाय

निधीवरच सगळे भांडताय, म्हणून कायद्याबद्दल लिहिते. मी बालरोग विभागात परिचारिका होते, आता निवृत्त.

ऐंशीच्या दशकात प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशी पावडरीच्या कंपनीची माणसं वॉर्डात यायची. बाळाचा गोंडस फोटो असलेले डबे, सोबत बाटली फुकट. आई घरी गेली की डबा महिन्याभराऐवजी दोन महिने पुरवायची म्हणून पावडर पातळ करायची, पाणी न उकळता. मग जुलाब, मग बाळ पुन्हा आमच्याकडे, डोळे खोल गेलेले, टाळू खाली बसलेली. ती टाळू बोटाला लागली की पोटात गोळा यायचा.

आईच्या दुधाला संरक्षण देणारं खासगी विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे तर एका खासदाराने आणलेलं, नाईकांनी लोकसभेत मांडलं होतं. सरकारने तो विषय उचलला आणि १९९२ मध्ये कायदा झाला, १९९३ पासून लागू. डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र नको, जाहिरात नको, फुकट नमुने नकोत, आणि 'आईचं दूध तुमच्या बाळासाठी सर्वोत्तम' हे ठळक छापायचं. आजही कुठलाही डबा उलटून पाहा.

एका परंपरावादी म्हणवणाऱ्या पक्षाच्या पुरुष खासदाराने हा विषय धरला याचं मला तेव्हाही अप्रूप वाटलं होतं आणि आजही वाटतं.

सनदशीर

दूधसायताई, हा प्रतिसाद धाग्यावरचा सर्वोत्तम. आणि हेच तर मला हवं आहे! खासगी विधेयकाला शुक्रवारचे अडीच तास मिळतात, तेही बहुधा अर्ध्या रिकाम्या सभागृहात. १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झालेलं नाही. त्यामुळे शहाणा खासदार विधेयक मांडतो ते सरकारला ढोसण्यासाठी.

रानजाई

हे मला अजिबात माहीत नव्हतं. माझ्या मुलीच्या वेळी तो मजकूर डब्यावर वाचलाय, तो तिथे आला कसा हा प्रश्नच पडला नाही.

अधोरेखित

आता 'वंदे मातरम्'वर कुणी बोलणार का? लोकसभेत अधिवेशनाच्या सुरुवातीला 'जन गण मन' आणि शेवटी 'वंदे मातरम्' ही प्रथा १९९२ मध्ये नाईकांच्या पाठपुराव्याने सुरू झाली. ज्या अधिवेशनात अयोध्येत मशीद पडली, त्याच अधिवेशनाच्या शेवटी. माझ्या मोहल्ल्यातल्या लोकांना तेव्हा त्या गाण्यात काय ऐकू आलं असेल याचा विचार करा. गाण्याबद्दल माझी तक्रार नाही, वेळेबद्दल आहे.

टीपकागद

वेळेबद्दलचं तुमचं दुखणं समजतं. पण प्रस्ताव अयोध्येच्या आधीपासूनचा होता आणि निर्णय लोकसभेचे सभापती शिवराज पाटील यांच्या काळात झाला, एकट्या भाजपचा नव्हता.

शुद्धिपत्र

दुरुस्ती: लोकसभेचे 'अध्यक्ष'. 'सभापती' राज्यसभेला आणि विधान परिषदेला. अवांतर: शिवराज पाटीलही लातूरचे आमदार, महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष, मग खासदार, मग लोकसभेचे अध्यक्ष. हेही याच धाग्यात बसतं.

टीपकागद

शुद्धिपत्र, तुमची वाटच पाहत होतो. चूक मान्य.

कांदळवन

नावांचा विषय निघालाच पाहिजे. 'बॉम्बे' आणि 'बंबई' जाऊन तिन्ही भाषांत 'मुंबई' व्हावं म्हणून नाईक खासदार झाल्यापासून मागे लागले होते. १९९५ मध्ये युती सरकार आल्यावर ते झालं. राज्यपाल असताना उत्तर प्रदेशात सरकारी कागदांवर 'अम्बेडकर' लिहायचे, तिथे 'भीमराव रामजी आंबेडकर' करायला लावलं ते २०१८ मध्ये. 'रामजी' घालण्यामागे राजकारण आहे अशी टीका झाली. पण बाबासाहेबांनी संविधानावर सही तशीच केली होती, आणि आपल्या माणसाच्या नावातला 'आ' लखनौपर्यंत नेला याचा मला आनंद झाला.

गोरेगाव_पूर्व

'आंबेडकर'बद्दल आनंद मलाही झाला. पण नावापेक्षा वस्ती बदलली तर जास्त होईल.

विरार_फास्ट

२००४ कुणीच काढलं नाही अजून! गोविंदाने हरवलं. अठ्ठेचाळीस हजारांनी. सलग पाच वेळा निवडून आलेला, केंद्रात मंत्री असलेला माणूस. त्या दिवशी आमच्या डब्यात कुणी पत्ते काढले नाहीत. गोविंदा आपलाच विरारचा पोरगा म्हणून निम्मा डबा खूश, निम्मा गप्प. आणि २००९ मध्ये संजय निरुपम यांच्याकडून सहा हजारांच्या आत हरले.

रानजाई

मी तेव्हा पहिल्यांदा मतदान केलं होतं आणि गोविंदाला केलं होतं. पडद्यावरचा माणूस गल्लीत आला, हात हलवला, झालं. आज हा धागा वाचून वाटतंय, मतदानाआधी एखादी पुस्तिका हातात पडली असती तर निदान वाचली असती.

दूधसाय

रानजाई, वाईट वाटून घेऊ नका. हरल्यानंतरचं नाईकांचं एक काम मात्र नोंदवते. कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी २००७ मध्ये संसदेकडे याचिका दिली, खासदार नसताना. राज्यसभेच्या याचिका समितीने सुनावण्या घेऊन २००८ मध्ये अहवाल दिला. आम्ही वॉर्डात बरे झालेले कुष्ठरोगी पाहिलेत. बोटं गेलेली असायची, पण रोग पूर्ण बरा. तरी बसमध्ये शेजारी कुणी बसत नाही, आणि कित्येक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं किंवा अपात्रतेचं कारण होतं.

सनदशीर

संसदेकडे याचिका कुणीही नागरिक करू शकतो, आणि हे शंभरात एकालाही ठाऊक नसतं. बघा, मीच आता वसईकाठच्या प्रश्नाकडे वळतोय. प्रश्नोत्तरं, खासगी विधेयक, याचिका ही सगळी सभागृहाची हत्यारं. ती हातात घ्यायला विधानसभेत शिकता येतं, आणि नाईक तिथे शिकले. खासदार निधीबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण तक्रारीतून कायद्याकडे, हा मूळ लेखातला मुद्दा दूधसायताईंच्या डब्यावर छापलेला आहे, तो मी मान्य करतो.

अधोरेखित

मीही एक जोडतो. २००२-०३ मध्ये एचपीसीएल, बीपीसीएल या सरकारी तेल कंपन्या विकायला निघाले तेव्हा स्वतःच्याच सरकारमधल्या निर्गुंतवणूक मंत्र्यांशी, अरुण शौरींशी, नाईकांनी उघड वाद घातला. सप्टेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या कंपन्या संसदेच्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झाल्या आहेत, संसदेला विचारल्याशिवाय विकता येणार नाहीत. मंत्री असूनही विरोध करण्याची ताकद होती, हे माझ्यासारख्या टीकाकाराने लिहिलंच पाहिजे.

वसईकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी स्कॅन करून टाकतो, रानजाई. कागद ठिसूळ झालाय, पान उलटताना कोपरे तुटतायत.

आईला आज विचारलं, बाबा 'विचारणे' लिहायचे त्याचं पुढे काय व्हायचं? ती म्हणाली, रविवारी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते खरंच विचारायला जायचे. नाईकांकडे, नगरसेवकाकडे, स्टेशनमास्तरकडे, ज्याच्या अखत्यारीत असेल त्याच्याकडे. दुपारी जेवायला उशीर व्हायचा म्हणून ती चिडायची. मग पुन्हा पुस्तिका काढून पाहिली. दोन प्रश्नचिन्हांपुढे वेगळ्या शाईत तारखा आहेत. तिसऱ्यापुढची जागा कोरी आहे. तो मुद्दा आमच्या स्टेशनच्या पूर्वेकडच्या जिन्याचा आहे, आणि तो जिना अजूनही झालेला नाही. आमच्या आत्ताच्या आमदारांचं कार्यालय रविवारी किती वाजता उघडतं, कुणाला माहीत आहे का?

विरार_फास्ट

दहाला. मीही येतो, त्याच जिन्यासाठी.